बिनशिंगाचा वाघ

दिवाळी झाली की आमच्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजतात. रात्री वर गेलेला झाडीपट्टीचा पडदा कोंबडा आरवल्यावरच खाली येतो. अशा गावात गाण्याचा व्हिडिओ काढायचा म्हटलं तर दिग्दर्शकांना तोटा नाही. तोटा पैशांचा.

मित्राने झाडीबोलीत गाणं रचलं होतं. मोह वेचायला निघालेली नायिका, तिच्यामागे नायक आणि नायकामागे वाघ. कंप्युटरवर वाघ करून देणाऱ्याने जो भाव सांगितला, तेवढ्यात बैलजोडी आली असती.

तेव्हा काका मधे पडले. त्यांचा जन्म स्टेजवर लाईट आणि पडदे ओढण्यात गेलेला. म्हणाले, "कंप्युटर कायले पायजे? डोरे फसवाचे आहेत ना? ते स्वस्तात फसतेत." आधार थेट फाळक्यांचा. १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये एकटे साळुंके रामही झाले आणि सीताही. "आन तुमाले एक वाघ जमत नाही?"

बैलजोडी परवडली नाही, पण बैल होता. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याचा, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. शिंगं आरीने कापली, अंगाला पिवळा ऑइलपेंट, वर काजळाचे पट्टे. वशिंड तेवढं राहिलं. तेही कापलं असतं तर भाच्याने आम्हाला कापलं असतं.

युक्ती सोपी. नंदी लेन्सपासून हातभर, नायिका पन्नास पावलं लांब, आणि मोबाईल बांधीत जमिनीला असा टेकवायचा की दोघांचे पाय एका ओळीत दिसावेत. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा. भर उन्हात जवळचं आणि लांबचं दोन्ही स्वच्छ येतं. भारी कॅमेऱ्यात नायिका धुरकट झाली असती. आमची गरिबी आयुष्यात एकदाच कामी आली ती अशी. चाकं तणसात लपवली आणि धुऱ्याआड पालथे पडून काकांनी सुतळी ओढली. वाघ डौलात सरकला. पाय हलत नव्हते, पण वाघाच्या पायांकडे कोण बघतं?

मोहफुलं जमिनीवरून झाडावर चढतात, तो शॉट उलटा चालवायचा होता. त्यासाठी नायक उलट्या पावली चालला आणि नालीत पडला. शॉट फिरवल्यावर तो नालीतून उगवून रुबाबात चालू लागला. पुढे लोकांना तेवढंच आवडलं.

घोळ झाला तो संध्याकाळी. आमच्यातल्याच कोणीतरी आठ सेकंदांचा वाघ व्हॉट्सॲपवर टाकला. दुसऱ्या पहाटे गावातलं कोणी मोहाला गेलं नाही. आमच्याकडे 'वाघ आला' ही इसापाची गोष्ट नाही. सरपणाला गेलेलं माणूस परतलं नाही, अशी घरं आहेत. उन्हं चढली तेव्हा वनरक्षक आले. वाकून वाकून पंजाचे ठसे शोधू लागले, तर मातीत दोन सरळ रेघा.

"वाघ बंडीवर आल्ता का?"

काकांनी पिशवीतून वाघ काढून दिला. वनरक्षकांनी तो उलटासुलटा केला, चाक फिरवून पाहिलं आणि पाठीवर बोट ठेवलं. "याले वशिंड कायचं?"

"नांगराचा आहे जी," काका म्हणाले.

ते हसले. घरोघरी खरं सांगत फिरलो, तेव्हा बाया मात्र हसल्या नाहीत. एका आजीने बुडालेल्या मोहाचा हिशोब टोपल्यांत सांगितला. पुढच्या पहाटे नायक, नायिका, काका आणि मी तिच्या झाडाखाली वाकलेले होतो. मोह वेचताना कंबरेचं काय होतं, हे कुठल्याच गाण्यात नसतं. आमच्याही नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने तो वाघ तसाच झूल घालून तोरणाखाली नेला. रांगेत सगळे नंदी, मधे हा. मग पोरं बोजारा मागत घरोघर निघाली. भाचा प्रत्येक दारात वाघ पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "यानं अजून काही खाल्लं नाही जी." संध्याकाळी त्याचा खिसा सगळ्यांत जड होता.

काकांनी त्यातले दहा रुपये सुतळीचे म्हणून मागितले.