‘इतर’ या रकान्याचे जलशास्त्र

सामंजस्य करार म्हणजे ज्यात कोणीही कोणाचे काहीही देणे लागत नाही असा करार. न्यायालयात तो क्वचितच टिकतो, पण कुलगुरूंच्या दालनातील काचेच्या कपाटात मात्र वर्षानुवर्षे टिकतो. इथले एक विद्यापीठ आणि समुद्रापलीकडचे एक, अशा दोघांनी ग्रामीण जलसुरक्षेसाठी, म्हणजे पुरेसे व पिण्याजोगे पाणी बारमाही आणि परवडेल अशा रीतीने मिळण्याच्या हमीसाठी, हात मिळवले की तिसरे एक गाव लागते. मुंबईहून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला परतता येईल इतके जवळचे, तरीही छायाचित्रात पुरेसे तहानलेले दिसणारे गाव शोधू गेल्यास नकाशावरचे बोट आपोआप भिवंडी तालुक्यावर थांबते. उन्नत भारत अभियान 2014 साली सुरू झाल्यापासून उच्चशिक्षण संस्थांनी निदान पाच गावे ‘दत्तक’ घ्यावीत अशी रीत पडली आहे. दत्तक जाणारे मूल घेणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावे हा साधा संकेत या विधीत पाळला जात नाही आणि पन्नाशीतले विद्यापीठ कित्येक शतकांच्या गावाला बिनदिक्कत मांडीवर घेते.

या भागीदारीचे पहिले आणि बहुधा एकुलते अपत्य म्हणजे पायाभूत सर्वेक्षण, अर्थात काम सुरू होण्यापूर्वी स्थिती काय होती याची नोंद. कामच सुरू न झाल्यास पूर्वीची आणि नंतरची स्थिती एकच राहते व तुलना निर्दोष होते, हा त्याचा शास्त्रीय फायदा. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत कुठेतरी मध्यावर एक प्रश्न हटकून असतो: ‘आपल्या कुटुंबाचा पाण्याचा मुख्य स्रोत कोणता?’ त्याखाली पाच चौकोन असतात: नळ, विहीर, विंधन विहीर, टँकर, इतर.

पहिले चार चौकोन दिसतात तितके निरुपद्रवी नाहीत. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरवले, त्यासाठीची 2024 ची मुदत पुढे 2028 पर्यंत वाढली, आणि दरम्यान पाड्यापाड्यांत नळ येऊन उभे राहिले. त्यातल्या कोरड्या नळापाशी विचारणा झाली की आगरी घरातली बाई एका दमात सांगते, ‘नल हाय, पानी नाय.’ या वाक्याला प्रश्नावलीत चौकोन नसतो. पूर्वार्ध तेवढा ऐकून ‘नळ’वर खूण होते आणि उत्तरार्ध हवेत विरतो. विहिरीचेही तसेच आहे. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या तालुक्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्या कातळात पाणी मुरते ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात, बाकीचे ओहोळांतून खाडीला मिळते, आणि मार्च उलटता उलटता अनेक विहिरींच्या तळाशी पाण्याऐवजी त्यात पडलेली बादली दिसते. विहीर मात्र होती तिथेच असते, म्हणून खूणही होते.

उरतो तो पाचवा चौकोन. अभ्यासकांच्या दृष्टीने ‘इतर’ म्हणजे विश्लेषणाच्या वेळी वगळायची किरकोळ भर. भिवंडीच्या दृष्टीने ‘इतर’ म्हणजे तालुक्याचा अर्धा भूगोल. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण 1892 साली पुरे झाले, वैतरणेवरचा मोडकसागर 1957 मध्ये भरला, पुढे भातसा आले. भातसेचे पाणी भिवंडी तालुक्यातल्याच पिसे येथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते, आणि सगळी धरणे मिळून दररोज 3,800 दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मुंबईला पोचते. माणूस आत सहज उभा राहील अशा जाडीच्या या जलवाहिन्या माळरानावरून, शेतांच्या बांधांवरून, काही ठिकाणी घरांच्या परसाला लागून जातात. वाटेवरच्या काही गावांना त्यांतून जोडण्या आहेत. ज्यांना नाहीत, त्यांचा ‘इतर’ म्हणजे एखाद्या व्हॉल्व्हचा सैल सांधा. त्या सांध्याला लुगड्याची चिंधी बांधली की इकडेतिकडे उडणारे थेंब चिंधीवरून एका धारेला लागतात, धार करंगळीएवढी असते, तिच्याखाली कळशी तिरपी टेकवतात, मागे उरलेल्या कळशा नंबराने मांडलेल्या असतात, आणि पहिली कळशी भरेपर्यंत दुसऱ्या बाईच्या लसणाच्या दोन गड्ड्या सोलून होतात. जलअभियांत्रिकीच्या भाषेत या साऱ्याला ‘वितरणातील गळती’ म्हणतात, आणि गळती ही दूर करायची गोष्ट असते. म्हणजे एकाच करंगळीएवढ्या धारेला शहराच्या हिशेबात ‘नुकसान’, विद्यापीठाच्या हिशेबात ‘इतर’ आणि पाड्याच्या हिशेबात ‘पाणी’ अशी तीन नावे आहेत. तिसरे नाव कोणत्याही अहवालात सापडत नाही. उद्या एखाद्या कर्तव्यदक्ष अभियंत्याने पान्याचे दोन आटे फिरवून सांधा घट्ट केला, तर गळती थांबल्याबद्दल त्याला शाबासकी मिळेल, चौकोनातली खूण आहे तशीच राहील, आणि जलसुरक्षेची परिषद ठरल्या दिवशी, ठरल्या सभागृहात पार पडेल.

‘इतर’ची व्याप्ती येथेच संपत नाही. पूर्णा, काल्हेर, दापोडे या बाजूला भाताच्या खाचरांवर मुरूम टाकून गोदामांची शहरे उभी राहिली आहेत; जे पाणी खाचरात थांबून मुरत असे ते आता पत्र्यांवरून सिमेंटवर आणि सिमेंटवरून गटारात जाते. भिवंडी शहरालगतची कामवारी तर नदी म्हणून नोंदवावी की मागाच्या आणि रंगाईच्या धंद्याचा सांडवा म्हणून, हा प्रश्न ‘इतर’लाही झेपणारा नाही. गोदाम, मुरूम, रंग यांपैकी एकही शब्द प्रश्नावलीत आढळत नाही. ‘आपण हात धुता का?’ हा प्रश्न मात्र तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलेला असतो. ज्या घरात पिण्याचे पाणी चिंधीवरून उतरते, त्या घराला हात धुण्याची शिकवण देण्यासाठी दोन खंडांच्या विद्वत्तेची युती लागावी, हा निव्वळ विनोद समजून सोडून देता येत नाही. तो उद्धटपणा आहे, आणि विमानाचे तिकीट काढून आल्याने तो सभ्य होत नाही.

तितकाच उद्धटपणा त्या प्रश्नावलीच्या मराठीत असतो. ‘आपल्या कुटुंबाचे जल-वर्तन कसे आहे?’, ‘गेल्या चार आठवड्यांत आपण पाणी-संबंधित ताण किती वारंवारतेने अनुभवला?’ अशी वाक्ये कोणत्याही मराठी आईने आजवर उच्चारलेली नाहीत. इंग्रजी मसुद्याला मराठी कपडे चढवताना बाह्यांत पाय घातल्यासारखी ती चालतात. ‘पाणी कधी कमी पडलं?’ एवढे विचारले असते तर बाईने महिना, वार आणि कोणाशी भांडण झाले तेही सांगितले असते. ‘वारंवारता’ म्हटल्यावर ती ज्या सोशिकपणे गप्प बसते, त्याची नोंद ‘प्रतिसाद नाही’ अशी होते.

आता वेळापत्रक. विहिरी आटतात तेव्हा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, इथल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि सुट्या असतात. पलीकडच्या विद्यापीठाला उन्हाळी सुटी लागते ती जूननंतर. दोन्ही दिनदर्शिका जुळवून सर्वेक्षणाचा मुहूर्त निघतो तो जुलैअखेरीचा. ओढे दुथडी भरलेले, विहिरी काठोकाठ, प्रश्नावल्या भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. ‘पाण्याचा मुख्य स्रोत कोणता?’ ओटीवर बसलेली बाई पत्र्याच्या पागोळ्यांखाली ओळीने लावलेल्या पातेल्यांकडे हनुवटीने दाखवते. पाहुणा वाकून बघतो, कोरडा कोपरा शोधून कागद गुडघ्यावर धरतो, पाची चौकोन पुन्हा एकदा वाचतो, आणि ‘इतर’वर खूण करतो.