भिंतीवरचे चार आठ

निवडणुका तोंडावर आल्या असताना ट्विटर समूळ उखडण्याची घोषणा करून तुर्कस्तानचे पंतप्रधान एर्दोआन यांच्या सरकारने मार्च 2014 मध्ये त्यावर बंदी घातली. परंतु ती आरंभी केवळ डीएनएसपुरती, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेपुरती असल्याने, इस्तंबूलच्या भिंतींवर गूगलच्या पर्यायी डीएनएसचा 8.8.8.8 हा पत्ता रंगवला गेला आणि जी तांत्रिक साक्षरता शाळांना वर्षानुवर्षे साधली नसती, ती सरकारने विनामूल्य घडवून आणली. पुढे अंकी पत्तेही अडवले गेले, तेव्हा लोक व्हीपीएनकडे, म्हणजे परदेशी संगणकामार्गे जाणाऱ्या कूटबद्ध वाटेकडे वळले. खुद्द राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला ग्युल यांनी बंदीविषयी नापसंती व्यक्त केली, तीही (अर्थातच) ट्विटरवर. घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर 3 एप्रिलला बंदी उठली.