'वडील हयात आहेत का?' या रकान्यास अनावृत पत्र

तीर्थरूप रकानासाहेब यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. गेल्या सात वर्षांत कुणाला 'तीर्थरूप' लिहायची वेळ आली नव्हती. तुम्ही आणलीत.

मी मुळशी तालुक्यातला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. महाडीबीटीवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपली गाठ पडली. वडील हयात आहेत का? मी 'हो' केलं, कारण आहेत. कुठे आहेत, हे विचारायला तुमच्याकडे जागा नाही. त्या एका 'हो'वर मी त्यांच्यावर अवलंबून ठरलो. आता उत्पन्नाचा दाखला त्यांच्या नावचा हवा. म्हणजे त्यांचं आधार, त्यांची सही. घर सोडताना माणूस मोबाइलचा चार्जर आठवणीने नेतो, सही मागे ठेवून जात नाही.

आमच्याकडे कोण कुणाच्या जिवावर आहे, ते सांगतो. आई एका फार्महाऊसवर धुणीभांडी करते. मी पिरंगुटला रात्रपाळीत खोकी भरतो. धाकटीची फी आणि गॅस त्यातून. सातबारावर चौदा नावं, आंबेमोहोर पिकतो तो खाण्यापुरता. तुमची उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. आठ लाख एकरकमी पाहिलेला आमच्या आळीतला एकच गडी, जमीन विकलेला, आणि त्यालाही ते दोन दिवाळ्याच पुरले.

महा-ई-सेवावाला दादा कनवाळू. म्हणाला, "'नाही' कर की. मृत्यूचा दाखला मागतील, पण तो एकदाच."

अमेरिकेत म्हणे चोवीस वर्षं भरली किंवा लग्न झालं, की विद्यार्थी स्वतंत्र. मदत ठरवताना आईबापाची कमाई बघत नाहीत. हे मावशीला सांगितलं, तर तिने दुसऱ्याच दिवशी स्थळ आणलं. इथे वय वाढून उपयोग नाही. कुणी कुणाला पोसलं, हे कागदावर येणं मुळशीच्या नशिबातच नसावं. 1921 साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला, तरी धरण झालं, गावं बुडाली, पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरून मुंबईचे दिवे लावू लागलं. मुंबईला कुणी मुळशीवर 'अवलंबित' लिहून घेतलं नाही.

तुमच्या शेजारी अर्ध्या इंचाचा एक रकाना बसेल. 'असल्यास, घरी येतात का?' एवढंच विचारा.

आपला अवलंबित,
रोल नंबर 37

ता. क. तीर्थरूप भेटलेच, तर सांगावे की दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. जेवण झाकून ठेवलेलं नाही.