तीन मिनिटांचा कारभारी

डीजे म्हटलं की मराठी माणसाच्या छातीत आधी धडधड होते, विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आठवून. मी सांगतोय तो माणूस त्या बिरादरीतला नाही. हा स्विंग नाचाचा डीजे. न्यूयॉर्क, लंडन, स्टॉकहोम, सोल, ज्या कुठल्या शहरात आठवड्यातून एकदा लाकडी जमिनीचा हॉल भाड्याने घेऊन लोक लिंडी हॉप नाचतात, तिथे कोपऱ्यातल्या घडीच्या टेबलामागे हा बसलेला असतो. समोर लॅपटॉप, हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी कानामागे, बाजूला गार झालेला चहा. अंगात जुन्या काळचा वेस्टकोट घातलेला असतो, पण तो पाहायला कुणाला सवड नसते, आणि हाही कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. त्याची नजर पायांवर. वर्षानुवर्षं दर गुरुवारी येणाऱ्या माणसाचं नाव त्याला सांगता येणार नाही, पण ‘तपकिरी बूट, लागोपाठ दुसरं वेगाचं गाणं लागलं की पाणी प्यायला जातो’ ही नोंद डोक्यात पक्की.

त्याच्याशी बोलताना जरा जपून बोलावं. ‘लेस्टर लीप्स इन’ छान आहे हो, असं म्हणालात की तो विचारतो, ‘कधीचं?’ गाण्याचं नाव ही त्याच्या लेखी अर्धवट माहिती. त्याला तारीख लागते. ५ सप्टेंबर १९३९. ‘जंपिंग ॲट द वुडसाइड’ म्हणजे २२ ऑगस्ट १९३८. बँडप्रमुख काउंट बेसीने ते पुढे कितीतरी वेळा वाजवलं, ध्वनिमुद्रणाची तंत्रं सुधारली, खरखर गेली. पण याच्या मते खरखरीबरोबर आणखीही काहीतरी गेलं. १९४२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांशी असहकार पुकारला आणि ऐन भरातल्या बँडांची रेकॉर्डिंगं दोनेक वर्षं जवळजवळ थांबली. हे सांगताना त्याचा आवाज इतका जड होतो की ऐकणारा नकळत ‘फार वाईट झालं’ म्हणून जातो. स्वतःच्या पासपोर्टची मुदत कधी संपते हे मात्र त्याला विमानतळावर कळतं.

त्याचं तीर्थक्षेत्र म्हणजे हार्लेममधलं सॅव्हॉय बॉलरूम. लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४०व्या आणि १४१व्या रस्त्यांच्या मधली अख्खी बाजू व्यापणारं, १९२६ साली उघडलेलं आणि १९५८ साली बंद पडलेलं. काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचायचे, ही त्या काळच्या अमेरिकेत सोपी गोष्ट नव्हती. तिथे बँडसाठी दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा उचलून धरायचा, नाचणाऱ्याला दम खायला उसंत नाही. सॅव्हॉयचा घरचा बँड चिक वेबचा. लहानपणीच्या हाडांच्या क्षयाने पाठीला पोक आलेला, उंचीने अगदी ठेंगणा ड्रमवादक. ११ मे १९३७च्या रात्री बेनी गुडमन आपला नावाजलेला बँड घेऊन तिथे सामन्याला आला आणि वेबने त्याला घरच्या लोकांसमोर चीत केलं. ही हकीकत आमचा डीजे अशा बारकाव्यांनिशी सांगतो की त्या रात्री तिसऱ्या रांगेत हाच उभा होता असं वाटावं. याचे आजोबा त्या साली शाळेत असतील.

पण वेबची गोष्ट त्याला लागते ती वेगळ्या कारणाने. चिक वेबला समोरचे नाचणारे दिसत. कुणी हवेत उसळी घेतली की त्याच्या पायाबरोबर ड्रमचा घाव पडायचा. १९३५च्या सुमारास फ्रँकी मॅनिंगने फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून पलटी मारून पुढे आणली, लिंडी हॉपमधली ती पहिली हवाई कसरत मानतात, तेव्हा ड्रमवर वेबच होता. आता मॅनिंगच्या नातवंडांच्या वयाची पोरं त्याच उड्या मारतात, पण संगीत येतं लॅपटॉपमधून. १९३८ सालच्या रेकॉर्डला तुम्ही उडी मारलीत की आपटलात, काही घेणंदेणं नसतं. म्हणून त्या मेलेल्या बँडच्या वतीने जमिनीकडे बघत राहायचं काम याने अंगावर घेतलं आहे. कुणी नेमलेलं नाही.

हे काम लयीपासून सुरू होतं. मिनिटाला किती ठोके, या हिशोबात त्याचं सगळं जग बसवलेलं. १२० ते १४० म्हणजे नवशिके घाबरत नाहीत, १६०-१८० म्हणजे जमिनीला रंग चढतो, २०० ओलांडले की निम्मे लोक भिंतीला टेकतात आणि ज्यांना एरवी कुणी विचारत नाही ते बॅल्बोआवाले जोडीने उठतात. बॅल्बोआ हा दक्षिण कॅलिफोर्नियातला नाच: छातीला छाती, बारीक पावलं, वेग कितीही असो. त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ ताटकळल्याचा राग असतो. ठोके मोजणारं सॉफ्टवेअर आहे, पण याचा त्यावर विश्वास नाही. ते ९०च्या गाण्याला बिनदिक्कत १८० म्हणतं. तो अंगठ्याने मांडीवर मोजतो. कपडे धुण्याचं यंत्र, आगगाडीचे रूळ, दातांच्या डॉक्टरचं मशीन, काहीही. एकदा कुणाच्या तरी अंत्यविधीतही त्याचा अंगठा हलताना मी पाहिला आहे.

आकडा एकच असला तरी दोन गाणी सारखी नसतात, हे त्याचं खरं ज्ञान. १७०चं एक गाणं लावलं की माणसं पुढे ओढली जातात. १७०चंच दुसरं लावलं की नुसती धावतात. फरक कुठे, तर तळाशी. बेसीच्या बँडमध्ये वॉल्टर पेजचा बास, जो जोन्सची झांज आणि फ्रेडी ग्रीनची गिटार. ग्रीन हा आमच्या माणसाचं कुलदैवत म्हणावं असा. १९३७ साली तो बेसीकडे रुजू झाला आणि १९८७ साली मेला तेव्हाही त्याच बँडमध्ये होता. पन्नास वर्षं दर मात्रेला एक आघात, स्वतःचा म्हणून तुकडा जवळजवळ कधी वाजवला नाही. गिटार वेगळी ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर बँड बसतो. हे सांगून झालं की आमचा माणूस थोडा थांबतो. समोरच्याने आपण होऊन काही साम्य ओळखावं अशी त्याची अपेक्षा असते. समोरचा बहुधा विचारतो, ‘वायफायचा पासवर्ड काय आहे?’

फर्माइशी घेऊन येणारे दोन प्रकारचे. पहिल्याला मायकेल बूब्ले हवा असतो, दुसऱ्याला चार्ली पार्कर. पहिला लग्नात नाचला होता, दुसऱ्याने पुस्तकं वाचलेली असतात. दोघांनाही तो एकच उत्तर देतो, ‘बघतो.’ पार्करचं बीबॉप हे बसून ऐकायचं संगीत असं त्याचं मत; युद्धकाळात नाच असलेल्या जागांवर अमेरिकन सरकारने जबर कर लावला तेव्हापासून जॅझ खुर्चीत बसला तो उठलाच नाही, ही त्याची तक्रार. याहून जुनं वैर लुई प्रिमाशी. १९९८ साली गॅप या कपड्यांच्या कंपनीने प्रिमाच्या ‘जंप, जाइव्ह ॲन वेल’वर खाकी पँटीतली तरुण मुलं नाचवली आणि लोक झुंडीने स्विंगच्या वर्गात नावं घालू लागले. त्यातलाच एक हा स्वतः. पण ते तो सांगत नाही. प्रिमाचाच दुसरा गुन्हा म्हणजे ‘सिंग, सिंग, सिंग’. गुडमनने १९३७ साली ते मोठ्या तबकडीच्या दोन्ही बाजू भरून वाजवलं, साडेआठ मिनिटांहून जास्त. दर आठवड्याला कुणीतरी ते मागतं, आणि मागणारा गाणं संपायच्या आत नक्की बाहेर वारा घ्यायला गेलेला असतो.

बाकी सगळं त्याचं दैवत तीन मिनिटांत बसतं. दहा इंची ७८च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. ही मर्यादा नाचणाऱ्यांच्या फार पथ्यावर पडली. जोडीदार कंटाळवाणा निघाला तरी तीन मिनिटं माणूस सज्जनपणे काढतो. चांगला निघाला तर तीन मिनिटांनी भूक उरते आणि पुन्हा विचारावंसं वाटतं. डीजेचं मात्र त्यात मरण. तीन मिनिटांत पुढचं गाणं शोधायचं, हेडफोनमधून ऐकायचं, १९३६ची खरखर आणि १९५७चा ठणठणीत आवाज एका पातळीवर आणायचा आणि पाय बघायचे. पंगतीतला जाणता वाढपी पानांवरून जसा ओळखतो, कुणाला आग्रह करायचा आणि कुणाला आता फक्त ताक, तसा हा ओळखतो. दोन वेगाची झाली की एक संथ. मध्यावर ‘शिम शॅम’, त्यासाठी जिमी लन्सफर्डचं १९३९चं ठरलेलं गाणं; सगळे जोडीदार सोडून रांगेत उभे राहतात. कुणाचा वाढदिवस असला तर मधे रिंगण करायला लायक गाणं, फार लांब नको, उत्सवमूर्तीचं वयही बघावं लागतं. बेसीचं १९५५चं ‘एप्रिल इन पॅरिस’ तो मूड असला तरच लावतो. गाणं संपलं असं समजून पुरुष जोडीदारणीला झोकात वाकवतात, टाळ्या होतात, आणि बेसीसाहेब तेच शेपूट पुन्हा वाजवतात. लोक घाईने सरळ होतात, नाचतात, पुन्हा वाकवतात. शेपूट पुन्हा. या वेळी टेबलामागे हा एकटाच हसत असतो. रात्रभरातला त्याचा एवढाच चावटपणा.

स्पर्धा आली की मात्र त्याची झोप उडते. ‘जॅक अँड जिल’ प्रकारात जोड्या चिठ्ठ्यांनी पडतात आणि गाणं कुठलं लागणार हे कुणालाच माहीत नसतं. हरलेला माणूस जोडीदाराला दोष देऊ शकत नाही, ते असभ्य. परीक्षकांना देऊ शकत नाही, ते पुढच्या वर्षीही असतात. उरला कोण? ‘आमच्या वाट्याला गाणंच तसं आलं’ हे वाक्य त्याने इतक्या भाषांत ऐकलंय की आता शब्द न कळताही कळतं. म्हणून तो आठवडे आधी कागद घेऊन बसतो. अंतिम फेरीत जोड्या एकामागून एक मधे येतात, आठ-आठ ठोके मोजून. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे बत्तीस बारांच्या गाण्यात आठाची सोळा आवर्तनं होतात. चार-चारांनी सोडलं की प्रत्येक जोडी नव्या कडव्यावर आत येते. बारा बारांचं ब्लूज निघालं तर सहाच. मग चार मोजून सोडलेली दुसरी जोडी कडव्याच्या मधेच येऊन उभी राहते आणि तिचा सगळा आवेश चुकीच्या जागी सांडतो. शिवाय सुरुवात लांबलचक नको, ड्रमचा एकल तुकडा नेमका चौथ्या जोडीवर पडायला नको, वेग सगळ्यांना सारखा.

आणि सगळ्यात अवघड अट कुणी लिहून देत नाही. गाणं फार प्रसिद्ध असलं तर त्यातले थांबे सगळ्यांना पाठ; जुने खेळाडू तिथे बरोब्बर थांबतात आणि नवख्यांवर अन्याय होतो. अगदी अनोळखी असलं तर कुणालाच काही साधत नाही आणि प्रेक्षक मोबाइल काढतात. हवं ते असं, की कुणी ऐकलेलं नाही पण पुढे काय येणार हे प्रत्येकाला वाटतंय. असं एक गाणं सापडलं की तो वर्षभर ते कुणापुढे वाजवत नाही, घरीसुद्धा हेडफोन लावून ऐकतो.

अशाच शोधात त्याला आमचा गोवा सापडला. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे मुंबईच्या ताज हॉटेलात ट्रम्पेट गाजवणारा चिक चॉकलेट, आणि त्याला हाताशी घेऊन ‘अलबेला’चं संगीत करणारे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. मी या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, ‘ईना मीना डीका’ ऐकवलं. त्याने मांडीवर मोजलं, मान हलवली, आणि रेकॉर्डिंगची तारीख विचारली. मी १९५७चा सिनेमा इतकंच सांगू शकलो. त्याच्या नजरेतून मी तेव्हा थोडा उतरलो. मग त्याने शब्दांचा अर्थ विचारला. आम्हालाही माहीत नाही म्हटल्यावर परत वर आलो. त्या आठवड्यात त्याने ते पावणेबाराला लावलं. तपकिरी बूट पाणी प्यायला गेले नाहीत.

एवढं करून रात्रीच्या शेवटी लोक येतात ते ‘प्लेलिस्ट पाठवशील का?’ म्हणून. प्लेलिस्ट नव्हती, मी बघून बघून लावत होतो, हे तो आता सांगत नाही. पाठवतो म्हणतो आणि पाठवत नाही. परवा मात्र एक घामाने निथळणारा मुलगा गर्दी सारत टेबलापाशी आला. तळघरातल्या स्वच्छतागृहाला रांग लागली होती, तीन मिनिटांत जाऊन येणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्या माणसाने दातओठ खात ‘सिंग, सिंग, सिंग’ लावलं होतं आणि तो पसार झाला होता. परत आला तर हॉलच्या मध्ये रिंगण, आरोळ्या, पोरं हवेत.

‘काय गाणं लावलंस! आजचं सगळ्यात भारी,’ तो मुलगा म्हणाला. ‘नेमकं त्याच वेळेला ते लावायचं, हे सुचतं कसं तुला?’

त्याने ओले हात वेस्टकोटाला पुसले.

‘आतूनच येतं,’ तो म्हणाला.