बॉनेटकाका

सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडल्याचा ‘खट्’ आवाज झाला की तिसऱ्या मिनिटाला तिथे एक गृहस्थ उभे असतात. अंगात बंडी, खाली लेंगा, हातात दुधाची पिशवी. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. तसे ते बोलावून येतही नाहीत; दाराची बेल वाजवली तर ‘अंघोळीला गेलेत’ असं काकू आतूनच सांगतात. बॉनेटचा आवाज मात्र त्यांना बादलीत नळ धो धो वाहत असतानाही ऐकू येतो. पुण्यातल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या कुठल्याही सोसायटीत असे एक काका सापडतात. खरं नाव पाटीवर असतं, पण लोक त्यांना बॉनेटकाका म्हणतात.

“काय रे, गरम होतेय का?”

हा प्रश्न ते गाडीच्या मालकाकडे न बघता विचारतात. कपाळाला हात लावून ताप बघावा तसा पालथा हात रेडिएटरच्या वरच्या पाइपाजवळ धरलेला असतो.

गाडीला आजार हजार, पण काकांचा जीव रेडिएटरच्या पंख्यात. क्लच घसरतोय म्हटलं तर “ते गॅरेजवाल्याला दाखव” म्हणून ते पिशवी सावरतात. पंखा फिरत नाही म्हटलं की पिशवी वॉचमनच्या खुर्चीवर जाते आणि मग दूध नासेपर्यंत तिकडे कोणी बघत नाही. क्लचचा निकाल गाडी खोलल्याशिवाय लागत नाही. पंख्याचा निकाल तिथल्या तिथे, चार लोकांसमोर लागतो. काकांना अशीच प्रकरणं आवडतात.

त्यांच्या तरुणपणी हे प्रकरणच नव्हतं. पद्मिनीत काय, अँबॅसेडरमध्ये काय, इंजिन उभं बसवलेलं, पंखा त्याच्या नाकासमोर पट्ट्यावर. इंजिन फिरलं की पंखा फिरला. गार हवेतही फिरला, गरज नसतानाही फिरला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते गिऱ्हाइकाला मिळाली आणि या सरळ संसारात वीज शिरली. इंजिन आडवं झालं, त्याची फिरती बाजू चाकाकडे गेली. पट्टा रेडिएटरपर्यंत नेणार कसा? मग पंख्याला स्वतंत्र मोटर आली, आणि ती कधी चालवायची हे ठरवायला थर्मो स्विच. पाणी नव्वद अंशांच्या पुढे तापलं की स्विच जुळायचा, निवलं की सुटायचा. थोडक्यात, पंख्याला मर्जी आली. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण मर्जी सांभाळणारे काका अजून कामावर आहेत.

तपासणीची सुरुवात उलटतपासणीने होते.

“हायवेला गरम होते की सिग्नलला?”

हा प्रश्न मात्र लाख मोलाचा आहे, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं. गाडी साठ-सत्तरच्या वेगात असली की समोरचा वाराच रेडिएटर गार करतो, पंख्याचं काम नसतं. तेव्हा काटा चढत असेल तर पाणी कमी, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर गाळाने भरलेला. पण कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत काटा निम्म्यावर आणि स्वारगेटच्या सिग्नलला तो लाल रेषेला भिडत असेल तर आरोपी पंखाच. गणपतीला गावी जाताना वडखळ नाक्याच्या कोंडीत वाफ सोडत उभ्या राहिलेल्या किती गाड्यांचं निदान आपण घरबसल्या फोनवर केलं, हा आकडा काका दरवर्षी सांगतात. दरवर्षी तो वाढतो.

यानंतर श्रीखंडाचा डबा येतो. त्यात टेस्ट लँप असतो, म्हणजे स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला डाग देऊन जोडलेल्या दोन वायरी. दोन-तीन फ्यूज, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक मोठी सेफ्टी पिन. पिन काकूंची आहे. दर वटपौर्णिमेला तिचा शोध होतो.

पहिला मान फ्यूजचा. तो काढून आकाशाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि “हं” म्हणायचं. फ्यूज शाबूत निघाला की काका थर्मो स्विचचा कनेक्टर उपसतात, सेफ्टी पिन उघडून तिची दोन टोकं कनेक्टरच्या दोन घरांत घालतात, आणि मालकाला हुकूम सुटतो, “चावी फिरव. स्टार्टर मारू नकोस!” पंखा भणाणला तर स्विच मेला, मोटर जिवंत. नाही फिरला तर रिलेवर बोट ठेवून टिचकी लागते का बघायची. टिचकी लागली तरी रिलेवर विश्वास ठेवायचा नाही, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. मग मोटरला थेट बॅटरीवरून दोन वायरी. एवढ्यानेही ती ढिम्म राहिली तर पान्याच्या दांड्याने तिच्या पाठीवर हलकेच दोन ठोके. ठोक्यासरशी फिरली, तर कार्बन झिजलेत.

हे सगळं अगदी बरोबर आहे. काकांची पंचाईत इथेच आहे. शास्त्र पक्कं, पण इतकं सरळ कारण निघालं की त्यांना चुकल्यासारखं होतं. एकदा नुसती अर्थची वायर गंजली होती. पॉलिश पेपरने दोनदा घासल्यावर पंखा सुरू झाला. काका त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत.

त्यांची कीर्ती झाली ती गेल्या उन्हाळ्यात. तळमजल्यावरच्या शिक्षिकेच्या ८०० ला वायरमनने दुसरी मोटर बसवून दिली होती. पंखा वेळेवर लागायचा, जोरात फिरायचा, आणि गाडी तरीही उकळायची. पाणी बदललं, थर्मोस्टॅट बदलला, हेडगॅस्केटपर्यंत गोष्ट गेली. काकांनी पेपर मागवला. शब्दकोड्याचं पान निवडून ते जाळीसमोर धरलं. या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे असतो, पुढची हवा आत ओढतो. पान जाळीला चिकटायला हवं. ते उडालं आणि काकांच्या चष्म्यावर बसलं. कोड्याआडून आवाज आला, “उलटा फिरतोय!” जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती, आणि डीसी मोटरचे धन-ऋण बदलले की ती उलटी फिरते. इंजिनाची गरम हवा पंखा रेडिएटरवरच फेकत होता, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी मारामारी करत. दोन वायरी, पाच मिनिटं. त्यानंतर दोन महिने जिन्यात भेटेल त्याला काका ते पान उघडून दाखवत होते.

बंद पडलेल्या पंख्यानिशी घाट कसा चढायचा, हेही त्यांच्याकडून शिकावं. एसी बंद, हीटर पूर्ण चालू. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनाची उष्णता तो माणसांवर काढतो. मे महिन्यात भर दुपारी खंबाटकी अशी चढलेलं त्यांचं कुटुंब अजून त्यांच्याशी बोलतं, यात काकूंचा मोठेपणा आहे. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना ते स्वतः उघडत नाहीत, कोणाला उघडूही देत नाहीत. त्यावर ०.९ लिहिलेलं असतं. तेवढ्या दाबाखाली आतलं साधं पाणीसुद्धा शंभरला न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळतं. “कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडशील का?” एवढंच विचारतात.

आता त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. १९९७ सालची ८००, पर्यावरण कर भरून पुन्हा नोंदवलेली. तिचा थर्मो स्विच पाच वर्षांपूर्वी गेला. साधा, सहज मिळणारा भाग. काकांनी तो आणला नाही. पंखा ‘डायरेक्ट’ केला आणि डॅशबोर्डखाली घरातल्या बेलच्या बटणाशेजारचा उरलेला पांढरा स्विच लाकडी पट्टीवर ठोकला. तो तापतो, कधी वासही येतो. गाडीतून उतरताना काकू रोज विचारतात, “अहो, गॅससारखं करू नका, पंखा बंद केलात ना?”

परवा वरच्या मजल्यावरच्या मुलाने नवी गाडी आणली. बॉनेट उघडं दिसताच काका डबा घेऊन उतरले. थर्मो स्विच शोधला, सापडला नाही. एक सेन्सर दिसला. त्याचा कनेक्टर उपसला, सेफ्टी पिन उघडली, आणि पिन घालायच्या आतच पंखा आपोआप पूर्ण वेगाने सुटला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सेन्सरचा निरोप येईना म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरने धोका नको म्हणत पंखा स्वतःच चालू केला, असं मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं.

काका पिन तशीच उघडी धरून पंख्याकडे बघत राहिले. “पण ह्याला सांगितलं कोणी?” त्यांनी दोनदा विचारलं.

तेवढ्यात गॅलरीतून काकूंनी हाक मारली. काकांच्या गाडीचा पंखा चालूच राहिला होता.