तीर्थरूप नाना, पेस्ट पोचली

ती. नाना यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र खुलं लिहितोय, कारण तुमचा सल्लाही खुलाच होता. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी घरच्या ग्रुपवरच्या त्रेचाळीस जणांना तुम्ही तो व्हिडिओ पाठवलात. दहा रुपयांत पिवळे हेडलाइट नव्यासारखे, फक्त टूथपेस्ट वापरून. खाली तुम्ही स्वतः टाइप केलं होतंत, ‘करून पाहावे.’ बेचाळीस जणांनी हात जोडले. करून पाहिलं ते मी एकट्यानं.

आधी आभार मानतो. माझी गाडी 2012ची. गेली दोन-तीन वर्षं तिचा उजेड रस्त्यावर पातळ चहा सांडल्यासारखा पडायचा. तुम्ही बजावल्याप्रमाणे पांढरीच पेस्ट घेतली, जेल नाही. एका दिव्याला अर्धी ट्यूब, जुन्या बनियनचा बोळा, वीस मिनिटं गोल गोल. मग बादलीभर पाणी ओतलं, आणि खोटं कशाला बोलू, दिवे चमकले. आतला बल्ब मोजून घ्यावा इतके स्वच्छ. फोटो ग्रुपवर टाकला. तुम्ही ‘शाब्बास’ लिहिलंत. संध्याकाळी आईनं एवढंच विचारलं, की उद्या सकाळी दात माणसांनी घासायचे आहेत की गाडीनं.

ही कीर्ती बावीस दिवस टिकली. मग पाऊस लागला, आणि आषाढात दिवे पहिल्यापेक्षा जास्त पिवळे झाले. तुमच्या कानावर आलं नसेल, म्हणून सांगतो: माणगावहून ताम्हिणीनं परत येताना धुकं होतं. कडेचा पांढरा पट्टा मला दिसत नव्हता, तरी समोरचे ट्रकवाले मलाच डिपर मारत होते. हे मला फार अन्यायाचं वाटलं. नंतर कळलं, ट्रकवाल्यांचं बरोबर होतं. धुरकट भिंगातून उजेड पुढे जात नाही, चहूकडे फुटतो. म्हणजे आम्ही दोघंही आंधळे, माझ्याच दोन दिव्यांच्या कृपेनं.

नाना, दिवे बल्बच्या उष्णतेनं पिवळे होतात हे तुमचं मत तुम्ही गणपतीत मोदक खाताना ठामपणे मांडलंत. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. पण तसं असतं तर दोन्ही दिवे सारखेच पिवळे व्हायला हवे होते. माझ्या गाडीची उजवी बाजू सोसायटीत दुपारभर उन्हात असते, डावी भिंतीच्या सावलीत. उजवा दिवा हळदीसारखा आणि डावा नुसता मळकट. हे बल्बला कसं कळलं?

त्याचं असं आहे. हल्लीचे हेडलाइट काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेटचे असतात. सीडी त्याचीच आणि दंगलीत पोलिसांच्या हातातली पारदर्शक ढालही त्याचीच. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, दगड लागला तर फुटत नाही, हवा तसा आकार देता येतो. दुर्गुण दोन: ओरखडे लवकर पडतात आणि ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर केसाहून पातळ असा टणक थर देतात. ऊन खाऊन तो थर आधी विटतो, तडकतो, पापुद्र्यासारखा सुटतो. मग खालचं प्लास्टिक उघड्यावर पडतं आणि पिवळं होतं. तुमच्या पेस्टमध्ये बारीक खडूसारखी पूड असते. तिनं वरचा मळ घासला, आणि उरलासुरला थरही घासला. आपण त्या दिव्याचा मळका सदरा काढला आणि धुतलेला न घालताच त्याला उन्हात उभा केला. पिवळा पडेल नाही तर काय!

ग्रुपवरचे इतर वैद्यही मागे नव्हते. मावशीनं खोबरेल तेल सुचवलं. तेल ओरखड्यांत भरतं, तासभर दिवा तुकतुकीत दिसतो आणि नंतर त्यावर धूळ बसते. लिंबू-सोड्याचं मत चुलतबहिणीकडून आलं. जावईबापूंनी डासांचा स्प्रे मारायला सांगितला. डीट असलेला स्प्रे प्लास्टिकच विरघळवतो, म्हणून क्षणभर काच दिसते आणि पुढे त्यावर जाळं धरतं. तो मी मारला नाही. जावयाचा मान ठेवला, दिव्याचाही ठेवला.

शेवटी कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं काही विचारलं नाही. बॉनेट आणि दिव्याच्या फटीत नख घातलं, वाळलेला पांढरा खडा उकरला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. नाना, त्या नजरेतला निम्मा वाटा तुमचा आहे.

त्यानं सांगितलेली कृती व्हिडिओत नसते, कारण तिच्यात दिवा आधी बिघडतो. भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावायची. मग पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, आधी 600चा. घासायला लागलं की पिवळट गाळ ओघळतो, ताकात हळद पडावी तसा. तो गाळ पांढरा होईस्तोवर थांबायचं नाही, कारण पिवळं येतंय तोवर जुना थर शिल्लक आहे. मग 800चा, मग 1000चा. एक पेपर आडवा चालवायचा, पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. दोन दिव्यांना साडेतीन तास लागले. शेवटी दिवे न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेसारखे दिसायला लागले. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्रीला फोन केला, पुढे कंपाउंडनं चमकवू का? म्हणाला, अजिबात नको, वर नवा थर द्यायचा त्या लॅकरला धरायला खरखर लागते.

आणि मग तो क्षण, नाना, ज्यासाठी तुमचे सगळे व्हिडिओ माफ. स्पिरिटनं पुसून, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर वाफा अडवणारा मास्क बांधून (लॅकरमधल्या हार्डनरच्या वाफा छातीला वाईट) मी टू-के क्लिअर लॅकरचा पहिला हात मारला, विरळ. दहा मिनिटांनी दुसरा, ओला. तो पसरत गेला तशी दुधी काच डोळ्यांदेखत पारदर्शक होत गेली, खालून वर. ओरखडे होते तिथेच आहेत, फक्त लॅकरनं भरले. दिवाळीनंतरची कोरडी हवा होती म्हणून बरं, पावसाळी दमट हवेत हेच लॅकर दुधाळ पडतं.

अमेरिकेतल्या मोटारमालकांच्या ट्रिपल-ए संघटनेनं 2018मध्ये मोजमाप केलं होतं. पार धुरकटलेले दिवे नव्याच्या 22 टक्केच उजेड देतात, घरी नीट दुरुस्त केले तर साधारण 70पर्यंत जातात. पूर्ण शंभर हवे असतील तर कंपनीचे नवे दिवे घ्या. म्हणजे मीही फार छाती फुगवू नये.

आता मूळ तक्रार. तुमची पद्मिनी 1986ची. तिचे दिवे गोल, काचेचे. ते जन्मात पिवळे होणार नाहीत. चाळीस वर्षांत तुमच्या दिव्यांना जे दुखणं झालं नाही, त्याचं औषध तुम्ही त्रेचाळीस जणांना वाटलंत!

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक पुतण्या

ता. क. सोसायटीत स्प्रे मारू देत नाहीत, म्हणून हे सगळं गेल्या रविवारी तुमच्याच अंगणात केलं. तुमची वामकुक्षी चालली होती. त्या लॅकरच्या डब्याला बुडाशी बटण असतं, ते दाबलं की हार्डनर आत मिसळतो आणि डबा दिवस-दोन दिवसांत संपवावा लागतो. बराच उरला होता. टाकवेना, म्हणून फाटकावरच्या तुमच्या पाटीला दोन हात मारले. ओल्यात एक माशी बसली ती तिथेच राहिली, ‘निवृत्त उपअभियंता’मधल्या ‘य’च्या डोक्यावर. तिथला अनुस्वार उन्हानं केव्हाच उडाला होता.