सगळं दिसलं पाहिजे

मानकोली, दापोडे, काल्हेर हा भिवंडीचा गोदामांचा पट्टा. तिथल्या कुठल्याही बऱ्यापैकी ट्रान्सपोर्ट कंपनीत शिरा, ‘सगळं दिसलं पाहिजे’ या जातीचे साहेब भेटतीलच. ओळखायची खूण म्हणजे केबिनमधला 55 इंची टीव्ही. त्यावर क्रिकेट लागत नाही. त्यावर कंपनी लागते.

आमच्यासारखी डॅशबोर्ड करून देणारी माणसं गेली की साहेब चहा सांगतात आणि म्हणतात, ‘आपल्याला एकदम सिंपल पाहिजे.’ मग सिंपलची यादी सुरू होते. गाड्या किती लागल्या, किती भरल्या, किती वाटेत, किती खाली झाल्या. डिझेल, टोल, टायर. कुठल्या पार्टीचं बिल थकलं, कुठल्या बिल्टीची पीओडी, म्हणजे माल पोचल्याची सही, आली नाही. आणि हे सगळं ड्रायव्हरप्रमाणे, गाडीप्रमाणे, राज्याप्रमाणे वेगवेगळं. चहा संपतो, यादी संपत नाही. काही गोष्टी आतल्या पानावर ठेवू, क्लिक केलं की दिसतील, असं आपण अदबीनं सुचवतो. साहेबांचा चेहरा पडतो. ‘क्लिक मी करायचं?’

आकड्यांवर त्यांचं प्रेम दशांशचिन्हाच्या पुढे जास्त. वेळेवर पोचलेल्या गाड्या 94 टक्के म्हटलं तर हं म्हणतात, 94.37 म्हटलं की खुलतात. सरासरी तर जीव की प्राण. एक गाडी दोन दिवस आधी पोचली आणि दुसरी दोन दिवस उशिरा, तर सरासरी अगदी वेळेवर. माल आला नाही म्हणून ज्या कारखान्याची लाइन बंद पडली, त्यांना मात्र ही सरासरी काही केल्या पटत नाही.

नकाशा हवाच, आणि त्यावर हलणारे ठिपके. मग एखाद दिवशी चाकणला निघालेली गाडी आफ्रिकेजवळच्या समुद्रात दिसते. जीपीएसला जागा सापडली नाही की काही सॉफ्टवेअर अक्षांश शून्य, रेखांश शून्य धरून मोकळी होतात, आणि तो बिंदू पडतो गिनीच्या आखातात. साहेब गंभीर होतात. ‘ही पार्टी एक्स्पोर्ट कधीपासून करायला लागली?’

पण सगळ्यात मोठा भरवसा हिरव्या दिव्यावर. ‘गाडी निघाली’पुढे हिरवं दिसलं की विषय संपला. तो दिवा लागतो कशानं, हे विचारायची पद्धत नाही. गोदामातल्या मुलानं जेवायला जाण्याआधी ‘डिस्पॅच’चं बटण दाबलं की तो लागतो, गाडी तिथेच कागदांची वाट बघत उभी. हा प्रकार भिवंडीतच घडतो असं नाही. 1979 साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पॅनेलवरच्या दिव्यावरून एक झडप बंद झाली असं वाटत होतं. दिव्याला ठाऊक होतं ते एवढंच, की बंद होण्याचा हुकूम गेलाय. झडप उघडीच अडकली होती, पाणी निघून चाललं होतं, आणि पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर इशारे एकदम केकाटत होते; कुठला ऐकायचा? ही हकीकत मी साहेबांना सांगून पाहिली. ते म्हणाले, ‘मग आपणही आवाज ठेवू या.’

बाहेर डिस्पॅचच्या टेबलावर एक ताई बसतात. साहेबांच्या टीव्हीकडे त्या ढुंकून बघत नाहीत. त्यांना तीनच गोष्टी हव्यात: कुठली गाडी अडली, कशामुळे, आणि फोन कुणाला लावू. ई-वे बिलाचंच घ्या, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचं. साध्या मालाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मुदत वाढवायची तर ती संपायच्या 8 तास आधीपासून नंतरच्या 8 तासांपर्यंतच. ती वेळ हुकली आणि रस्त्यात गाडी धरली, की दंडाचं झेंगट मागे लागलंच. म्हणून आज रात्री ज्यांची मुदत संपते त्या गाड्या ताईंना सगळ्यात वर हव्यात, ड्रायव्हरच्या नंबरासकट. बाकीच्यांशी देणंघेणं नाही. ‘दादा, शहाण्या पोरांची हजेरी नको मला,’ त्या म्हणाल्या. ‘आणि नुसतं लाल करू नका, काय झालंय ते शब्दांत लिहा. आमच्या रात्रपाळीच्या मुलाला लाल-हिरवं सारखंच दिसतं.’ डिझाइनच्या जाड पुस्तकांत याहून फार वेगळं काही लिहिलेलं नसतं.

ताईंच्या सांगण्यावरून केलेली स्क्रीन साहेबांच्या टीव्हीवर लावली. सात ओळी, बाकी पांढरं. साहेब त्या पांढऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. ‘या रिकाम्या जागेचेही पैसे लावलेत का?’ दुसऱ्या दिवशी दुपारी एकही गाडी अडलेली नव्हती, तेव्हा स्क्रीनवर ‘सध्या काही अडलेलं नाही’ एवढंच आलं. साहेबांनी तातडीनं आयटीवाल्याला बोलावलं, टीव्ही बिघडला म्हणून.

अखेर तडजोड झाली. ताईंची यादी ताईंकडे, आणि साहेबांच्या टीव्हीवर एक भला मोठा गोल डायल, काट्यासकट. ऑफिस उघडल्यापासून दिवसाचा किती वेळ सरला ते तो दाखवतो. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही आहे. सकाळी काटा शून्यावर, संध्याकाळी शंभरावर. पाचच्या सुमाराला कुणी पार्टी भेटायला आली, की साहेब खुर्ची वळवून तिला तो काटा दाखवतात. ‘बघा, सकाळपासून कसा चढत आलाय!’